ओस पडलेल्या इगर्जींचे पुढे काय झाले?

वऱ्हाडातल्या माणसाला गढी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. गढीचा धनी गाव सोडून जातो, मागे राहिलेला म्हातारा कारभारी वारतो, आणि माळवदावर गवत उगवू लागते. दोन-चार पावसाळ्यांत एखादा बुरूज खचला की गावातली माणसे टोपली-फावडे घेऊन येतात. गढीची पांढरी माती धाब्यावर घालायला उत्तम. दगड गोठ्याच्या जोत्याला, सागवानी तुळया कुणाच्या ओसरीला, दाराची कडी कुणाच्या वाड्याला. गढी नाहीशी झाली असे आपण म्हणतो. खरे पाहता ती गावभर वाटली गेलेली असते.

आजचा विषय गढीचा नाही. तो आहे ख्रिस्ती प्रार्थनामंदिरांचा. ज्यांचे मूळचे उपासक निघून गेले अशा चर्चच्या इमारतींचा. बडनेऱ्यात हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. बडनेरा हे जंक्शनाचे गाव. मुंबईहून निघालेला लोहमार्ग 1867 साली नागपूरला पोहोचला, अमरावतीचा फाटा 1871 साली सुरू झाला, आणि तेव्हापासून या गावात माणसे बदलीवर येत आहेत आणि बदलीवर जात आहेत. इमारती मात्र बदलीवर जात नाहीत. ज्यांच्यासाठी बांधले ते गेले, आता या भिंतींचे काय करायचे, हा प्रश्न रेल्वेच्या गावाला परका वाटण्याचे कारण नाही. त्याची उत्तरे कशी कशी मिळत गेली हे पाहायचे तर आपल्याला कोकणात, गोव्यात आणि थोडे परदेशातही जावे लागेल.

प्रथम चर्चच्या बांधणीविषयी दोन शब्द. आपल्या देवळाचा जीव गाभाऱ्यात असतो. गाभारा लहान, अंधारा, एका वेळी चार माणसे उभी राहतील एवढा. देव गाभाऱ्यातून हलवला तर त्या खोलीचा दुसरा उपयोग काय करायचा? धान्याचे कोठारही तिथे नीट होणार नाही. चर्च याच्या उलट. ते मुळात सभागृह आहे. सगळी वस्ती एका छपराखाली एकाच वेळी बसली पाहिजे, वेदीवरचा पाद्री सर्वांना दिसला पाहिजे, त्याचे शब्द शेवटच्या ओळीपर्यंत ऐकू गेले पाहिजेत, या गरजेतून लांबरुंद, उंच आणि मध्ये अडथळा नसलेले दालन तयार होते. गंमत अशी की हा आराखडा ख्रिस्ती लोकांनी देवालयावरून घेतलाच नाही. रोमन साम्राज्यात 'बॅसिलिका' या नावाची सार्वजनिक दालने असत. तिथे न्यायाधीश बसत, व्यापारी सौदे करीत. 313 साली सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात ख्रिस्ती धर्माला उघड मोकळीक मिळाली, तेव्हा मोठ्या जमावासाठी हाच कचेरीचा नमुना उचलला गेला. तेव्हा पुढे एखाद्या चर्चमध्ये दवाखाना, शाळा किंवा बराक भरली, तर त्या दालनाच्या दृष्टीने ते फारसे विपरीत नाही. सभागृहच ते, सभा बदलली.

आता वसईकडे वळू. 1534 साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढची दोनशे वर्षे ते त्यांचे उत्तरेकडचे मुख्य ठाणे होते. कोटाच्या आत फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा निरनिराळ्या संघांची चर्चे आणि मठ उभे राहिले. शिवाय संत जोसेफचे मुख्य चर्च होते. पोर्तुगीज भाषेतल्या 'इग्रेजा'वरून आलेला 'इगर्ज' हा शब्द कोकणी बोलीत अजून चालतो. कोटातल्या या इगर्जी श्रीमंत होत्या. त्यांच्या फरशीखाली पोर्तुगीज घराण्यांतली माणसे पुरलेली आहेत आणि थडग्यांच्या शिळांवर त्यांची नावे व साले कोरलेली आहेत.

1739 च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई घेतली. तहाप्रमाणे पोर्तुगीजांना आपली चीजवस्तू घेऊन निघून जाण्याची मुभा होती, ते गेले. वसईचे नाव काही काळ बाजीपूर झाले. कोटात नागेश्वराचे आणि वज्रेश्वरीचे देऊळ उभे राहिले. चर्चच्या इमारतींमध्ये मात्र कोणी फारसे शिरले नाही. मराठ्यांना त्यांची गरज नव्हती. शिबंदीला राहायला घरे होती, पूजेला नवी देवळे झाली होती. पुढे 1780 साली इंग्रजांनी वसई जिंकली, तहाने परत दिली, आणि 1818 नंतर ती कायमची त्यांच्याकडे गेली. एकोणिसाव्या शतकात कोटाची जमीन भाडेपट्ट्याने दिली गेली, आत ऊस लावला गेला, साखरेचा कारखानाही निघाला. जिथे लॅटिन स्तोत्रे म्हटली जात त्याच्या आसपास चुलाणावर रस उकळत होता. 1876 साली मुंबईचे डॉ. गर्सन द कुन्हा यांनी चौल आणि वसई यांच्या प्राचीन अवशेषांवर ग्रंथ लिहिला, तोवर या वास्तू अवशेष म्हणूनच ओळखल्या जात होत्या. आज तिथे पुरातत्त्व खात्याची पाटी आहे, सुटीच्या दिवशी सहली येतात, आणि चित्रपटवाल्यांना तर ती पडकी दालने फारच आवडतात. गाण्याच्या एका ओळीपुरता एखादा मठ पुन्हा उजळून निघतो, इतकेच.

मग ही चर्चे पडली ती 1739 च्या तोफांनी काय? असे पुष्कळांना वाटते. वेढ्यात तटाची नासधूस झाली हे खरे. परंतु चर्चे पडली ती मुख्यतः नंतरच्या रिकाम्या वर्षांत. कोकणातला पाऊस आपल्याकडच्यासारखा चार सरी पडून उघडणारा नव्हे. एक कौल सरकले की पाणी लाकडी वाशात मुरते, वासा कुजला की आढे वाकते, आढे वाकले की एका रात्री सगळे छप्पर खाली येते. त्यानंतर भिंतीच्या माथ्यावर पिंपळ रुजतो आणि त्याची मुळे सांध्यांतला चुना मोकळा करतात. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी माळ्यावर चढून कौले परतणारा एक माणूस असता, तर यांतल्या काही इमारती आज छपरासह उभ्या असत्या.

आणि याचा पुरावा दूर शोधायला नको. कोटाच्या बाहेर, वसईच्या गावागावांतून जी चर्चे होती त्यांतली कित्येक आजही नांदती आहेत. काही मोडली ती पुन्हा बांधली गेली. कारण तिथले उपासक पोर्तुगीज नव्हते. ते इथलेच कोळी, इथलेच बागायतदार, केळी आणि पानवेल लावणारे, मराठीच्या बोली बोलणारे. राज्य गेले तरी ते कुठे जाणार? पोर्तुगीजांचे जहाज सुटल्यावर कोटातले चर्च ओस पडले. गावातले चर्च गावाबरोबर राहिले. एकाच धर्माच्या, एकाच काळच्या, एकमेकांपासून थोड्याच अंतरावरच्या इमारती, आणि त्यांचे नशीब इतके निराळे.

वसईच्या इगर्जींचे दगड आणि लाकूड कुठे गेले याचा हिशेब कोणी ठेवला नाही. घंटांचा मात्र लागतो, कारण त्या अजून वाजतात. विजयानंतर मराठे सरदारांनी या घंटा काढून नेल्या आणि आपापल्या आवडत्या देवस्थानांना वाहिल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराचे देऊळ आहे. त्याच्या दारावरची घंटा वसईची. तिच्यावर 1721 हे साल आहे. मोठ्या आवाजाच्या माणसाला 'नारोशंकराची घंटा' म्हणण्याची रीत आपल्याकडे पडली ती तिच्यावरूनच. भीमाशंकरला तशी एक आहे. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणिसांच्या वाड्यामागच्या घाटावर आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. गावातली माणसे तिला हात जोडतात, ते योग्यच करतात.

घंटेच्या या स्थलांतरात एक बारीक फरक घडला, तो लक्षात घेण्यासारखा आहे. चर्चची घंटा उंच मनोऱ्यात असते आणि ती दूरच्या माणसाला बोलावते: चला, प्रार्थनेची वेळ झाली. देवळातली घंटा भक्ताच्या हाताशी असते. तो ती स्वतः वाजवतो आणि देवाला आपली वर्दी देतो. वस्तू तीच, धातू तोच, नाद तोच. पूर्वी ती माणसांना हाक मारीत होती, आता देवाला मारते.

वसईपासून फार दूर नसलेल्या बोरिवलीजवळ मंडपेश्वर म्हणून एक लेणे आहे. त्याची कथा वसईपेक्षा गुंतागुंतीची आहे, आणि मला विचाराल तर अधिक बोलकी. मूळ लेणे शैवांचे, सुमारे हजार-बाराशे वर्षांपेक्षाही जुने. आत नटराज आहे, लकुलीश आहे, शिवपार्वतीच्या विवाहाचा मोठा शिल्पपट आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्सिस्कन पाद्री आंतोनिओ दो पोर्तो याने ते ताब्यात घेतले आणि लेण्याचे चर्च केले. मूर्ती कुठे फोडल्या, कुठे भिंत घालून व गिलावा करून झाकून टाकल्या, एका जागी कातळात भला मोठा क्रूस कोरला. लेण्याच्या माथ्यावर मठ आणि विद्यालय बांधले. 1739 नंतर हा मुलूख मराठ्यांकडे आला. वरचा मठ ओस पडला आणि वसईच्याच वाटेने गेला: छप्पर आधी, भिंती मागून. खालच्या लेण्यात आज पुन्हा शिवाची पूजा होते. पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली ते आहे, महाशिवरात्रीला गर्दी होते, आणि कातळात कोरलेला तो क्रूस अजून जागच्या जागी आहे.

इथे थोडे थांबू या. मंडपेश्वरला जे झाले ते सक्तीने झाले, याविषयी आडपडदा ठेवण्याचे कारण नाही. सोळाव्या शतकातल्या पाद्र्याने दुसऱ्याचे देवालय घेतले, ते त्या शैव उपासकांच्या इच्छेने नव्हे. पण वास्तूच्या इतिहासात एक चमत्कारिक गोष्ट घडते. ज्या गिलाव्याने शिल्पे झाकली, त्याच गिलाव्याने ती काही प्रमाणात वाऱ्यापावसापासून आणि पुढच्या घणापासून राखलीही. झाकणाऱ्याचा हेतू तो नव्हता. तरी झाले तसे. वरचा मठ बांधीव होता म्हणून पडला, खालचे लेणे कातळ होते म्हणून उरले. आणि उरले म्हणूनच त्यात आज दोन्ही खुणा वाचता येतात. त्यांतली एक खूण छिन्नीने काढून टाकली तर लेणे 'शुद्ध' होईल असे म्हणणारे लोक भेटतात. मला ते पटत नाही. एका खुणेवाचून दुसरी समजणार नाही.

आता गोव्याला जाऊ. जुने गोवे हे शहर साथीच्या रोगांनी आधीच रिकामे होत चालले होते. 1843 साली राजधानी अधिकृतपणे पणजीला गेली. त्याआधी एक घाव वेगळ्याच दिशेने बसला होता. 1834 साली पोर्तुगालमधल्या उदारमतवादी सरकारने धर्मसंघ बरखास्त केले, आणि 1835 मध्ये तो हुकूम गोव्यात लागू झाला. पाहा, इथे कोणी परधर्मी जेता आला नव्हता. ख्रिस्ती राजाच्याच सरकारने ख्रिस्ती मठांना कुलूप लावले. आणि परिणाम? वसईसारखाच. ऑगस्टिनियनांचे भव्य चर्च सतराव्या शतकाच्या आरंभी पुरे झाले होते. मठ बंद झाल्यावर सात वर्षांत, 1842 साली, त्याची कमान खाली आली. 1931 साली दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग कोसळला. आज सुमारे 46 मीटर उंचीचा तो जांभ्या दगडाचा अर्धा मनोरा आकाशात बोट दाखवीत उभा आहे. सात वर्षे हा आकडा ध्यानात ठेवावा. मोठी इमारत मोडायला शतके लागतात, हा आपला गोड गैरसमज आहे.

त्याच टेकडीवर, हाकेच्या अंतरावर, संत मोनिकेचा मठ आहे. तो जोगिणींचा. 1606 साली काम सुरू होऊन 1627 च्या सुमारास पुरे झाले. धर्मसंघ बरखास्त झाले तेव्हा नवीन जोगिणी घेण्यास बंदी झाली, पण ज्या आत होत्या त्यांना मरेपर्यंत राहू दिले. शेवटची 1885 साली वारली. म्हणजे पन्नास वर्षे, संख्येने रोडावत गेलेल्या काही म्हाताऱ्या स्त्रियांनी त्या प्रचंड वास्तूत दिवा लावला, झाडलोट केली, गळके छप्पर पाहिले. नंतर पोर्तुगीज सैन्याने तिथे बराक केली. गोवा मुक्त झाल्यावर 1964 साली तिथे जोगिणींच्या शिक्षणाची संस्था निघाली. 2002 साली ख्रिस्ती कलेचे संग्रहालय राशोलहून हलवून याच मठाच्या चर्चमध्ये आणले गेले. जोगिणी, शिपाई, पुन्हा जोगिणी, मग संग्रहालय. मठ उभा आहे. ऑगस्टिनियनांचे चर्च पडले. दोन्ही एकाच दगडाचे, एकाच पावसात भिजणारे. शिपायांनी मठात बूट वाजवले याचे भाविकांना वाईट वाटले असेल, परंतु शिपाईसुद्धा गळके छप्पर सहन करीत नाही.

जवळच्याच संत फ्रान्सिसच्या मठात 1964 साली पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय सुरू झाले. तिथे गोव्याच्या हिंदू राजवटींच्या काळातली शिल्पे आणि पोर्तुगीज राज्यपालांची चित्रे एकाच छपराखाली आहेत. आणि दीवचे उदाहरण तर पाठ्यपुस्तकात घालावे असे. एवढेसे बेट, त्यावर पोर्तुगीज काळातली तीन मोठी चर्चे. संत पॉलच्या चर्चमध्ये प्रार्थना चालू राहिली, संत फ्रान्सिसच्या वास्तूत रुग्णालय भरले, संत थॉमसचे चर्च संग्रहालय झाले. वस्तीला एकच चर्च पुरत होते. उरलेल्या दोहोंना काम मिळाले.

युरोपात हा प्रश्न आज मोठ्या प्रमाणावर पडला आहे, कारण तिथे रविवारी प्रार्थनेला जाणारांची संख्या पुष्कळ घटली. हॉलंडमधल्या मास्ट्रिख्ट गावी तेराव्या शतकातले डॉमिनिकन चर्च आहे. 1794 साली फ्रेंच फौजा आल्यावर ते उपासनेतून गेले. पुढे ते गोदाम झाले, तिथे सायकली ठेवल्या गेल्या, आणि 2006 साली त्यात पुस्तकांचे दुकान निघाले. जुन्या खांबांना धक्का न लावता लोखंडी मजले उभे केले आहेत; उद्या दुकान उठले तर ते मजले काढून घेता येतील. इंग्लंडात लेस्टर शहरी एक काँग्रिगेशनल पंथाचे चर्च जैन समाजाने विकत घेतले. आत कोरीव दगडकाम केले, आणि 1988 साली तिथे प्रतिष्ठा झाली. लंडनमधल्या इझलिंग्टन भागात 1970 साली स्वामिनारायण पंथाने एका जुन्या चर्चमध्ये आपले मंदिर उघडले. विकणाऱ्याने विकले, घेणाऱ्याने घेतले, कागद झाला. मंडपेश्वरच्या बदलात आणि या बदलात हे एवढे अंतर आहे, आणि ते काही लहान नव्हे.

याउलट ज्या वास्तूत राज्य बदलले की उपासना बदलते, तिथला घोळ शतकानुशतके मिटत नाही. कॉन्स्टँटिनोपलची हागिया सोफिया 537 साली चर्च म्हणून उभी राहिली, 1453 साली मशीद झाली, 1934 च्या निर्णयाने संग्रहालय झाली, 2020 साली पुन्हा मशीद झाली. आपल्याकडे 1991 च्या कायद्याने असा नियम केला की 15 ऑगस्ट 1947 रोजी उपासनास्थानाचे जे स्वरूप होते ते कायम राहावे. पुरातत्त्व कायद्याखालची प्राचीन स्मारके त्यातून वगळली आहेत. म्हणजे आपल्याकडे चालू चर्चचे देऊळ किंवा मशिदीचे चर्च करण्याचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. पण बंद पडलेल्या वास्तूत वाचनालय, दवाखाना, बालवाडी किंवा संग्रहालय भरवायचे की नाही, हा प्रश्न उरतोच.

तो सोडवताना काय पाहावे? मालक कोण हे आधी कागदोपत्री पाहावे: डायोसिस, मिशनचा न्यास, की सरकारी खाते. ज्यांचे ते प्रार्थनामंदिर होते त्यांच्यापैकी कोणी गावात उरले असतील, तर त्यांना विचारल्याशिवाय पाऊल उचलू नये. आवारात थडगी असतील तर ती जागा वेगळी राखावी. नवा उपयोग असा असावा की तो उद्या काढून घेता यावा; भिंती फोडून पोटमाळा बसवणे आणि मोकळ्या दालनात कपाटे मांडणे यांत फरक आहे. जुनी पाटी, कोनशिला, घंटा असेल तर तिचे साल आणि अक्षरे उतरवून घ्यावीत, छायाचित्र काढावे. वसईच्या घंटांची अशी नोंद ज्याने त्याने आपापल्या देवळापुरतीही ठेवली असती, तर आज संशोधकांना गावोगाव विचारत हिंडावे लागले नसते. आणि हे सगळे ठरेपर्यंत, समितीच्या बैठका होईपर्यंत, मृगापूर्वी एक गवंडी वर चढवून कौले नीट करून घ्यावीत. ठराव नंतर झाला तरी चालेल.

ऑगस्टिनियनांच्या मनोऱ्याविषयी दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. त्या पडक्या जागी पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले, तेव्हा 2004 च्या सुमारास काही अस्थी सापडल्या. जॉर्जिया देशाची राणी केतेवान हिला 1624 साली इराणात शिराझ येथे ठार मारण्यात आले होते, आणि तिच्या अस्थी ऑगस्टिनियन पाद्र्यांनी गोव्याच्या या चर्चमध्ये आणल्याची जुनी नोंद होती. हैदराबादच्या प्रयोगशाळेतल्या तपासणीने 2013 साली त्या नोंदीला बळकटी दिली, आणि 2021 साली भारत सरकारने अस्थींचा एक भाग जॉर्जियाला दिला. चारशे वर्षांपूर्वी मेलेल्या राणीच्या देशाला तिच्या अस्थी मिळाल्या, त्या एका पडलेल्या चर्चच्या मातीतून.

आणि मनोऱ्यातली घंटा. ती काढून प्रथम आग्वादच्या किल्ल्यावरच्या दीपगृहात नेली. तिथे काही वर्षे ती दर्यावर्द्यांच्या उपयोगी पडली. 1871 साली तिथून ती पणजीला आणली. बाजारपेठेतल्या त्या प्रसिद्ध पांढऱ्या जिन्यांच्या चर्चवर ती टांगली आहे, आणि प्रार्थनेच्या वेळी वाजते.